सायलीच्या लग्नाबद्दल, ताईला

न्यूयॉर्क

प्रिय ताई,
सा. न.

काल फोनवर तुला रडू आलं आणि बोलणं राहूनच गेलं, म्हणून सविस्तर लिहिते. सायलीला विचारूनच लिहितेय. तिला डॉक्टरकडे न्यायचं आणि मुलुंडच्या स्थळाला होकार कळवायचा, ही दोन्ही कामं आधी थांबव.

भाऊजी म्हणतात, असेक्शुअल वगैरे खूळ तिने मोबाइलमधून उचललंय. शब्द मोबाइलमध्ये सापडला असेल, पण जे आहे ते आधीपासूनचंच आहे. बारावीत असतानाच ती मला म्हणाली होती, "मावशी, वर्गातल्या मुली कुणावर तरी मरतात ना, तेव्हा मला वाटतं सगळ्या मिळून नाटक करतायत. खरंच असं होतं का गं?" तिला कुणाबद्दलच, मुलगा असो वा मुलगी, शारीरिक ओढ वाटत नाही. माया आहे, मैत्रिणींसाठी जीव टाकते, आजीचे पाय रोज तीच चेपून देते. हे ब्रह्मचर्यही नव्हे. ब्रह्मचारी ओढ आवरून धरतो; इथे आवरायला काही नाहीच.

"जगात हीच एकटी अशी कशी?" असं तू विचारलंस. एकटी नाही गं. कॅनडातले संशोधक अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधल्या अठरा हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीतली उत्तरं तपासून २००४ साली निबंध लिहिला. त्यातल्या सुमारे एक टक्का लोकांनी, आपल्याला कधीच कुणाबद्दल लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही, असं सांगितलं होतं. तोच हिशोब धरला तर सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या एकेका लोकलमध्ये असे कितीतरी जण उभे असतील, आणि त्यातल्या बहुतेकांनी घरी अवाक्षर काढलेलं नसेल. सायलीने काढलं. तिने तुझ्यावर केवढा विश्वास टाकलाय, ते बघ.

आता डॉक्टरचं. असलेली इच्छा अचानक गेली, सोबत थकवा आला, वजन वाढलं, तर तपासण्या करायलाच हव्यात. सायलीचं तसं काहीच नाही. इथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची जी निदानाची पुस्तिका आहे, तिच्या २०१३ च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की जी व्यक्ती स्वतःला असेक्शुअल म्हणते, तिला कामेच्छेच्या विकाराचं लेबल लावायचं नाही. मग गोळ्या कशावर घ्यायच्या? तिला त्रास होतोय तो आपण मागे लागल्याचा. त्यासाठी समजूतदार समुपदेशक हवा असेल तर तो तिचा तिने निवडावा. आणि न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात तर २००२ पासून लैंगिक कलाच्या व्याख्येत असेक्शुअल लोकांचा स्पष्ट उल्लेख आहे; त्यावरून कुणाला नोकरी किंवा भाड्याचं घर नाकारता येत नाही.

"लग्न झालं की सगळं सुरळीत होतं," हे तुझ्या सासूबाईंचं वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. आपल्या घरात यावर कुणी तोंड उघडत नाही, पण मी लिहिणार. मनात नसताना रोज रात्री खोलीचं दार लावायचं, हे तू तुझ्या मुलीसाठी मागतेयस का? आणि नवऱ्याने बळजबरी केली तरी, बायको सज्ञान असली की आपला कायदा त्याला आजही बलात्कार म्हणत नाही. त्या मुलुंडच्या मुलाचाही विचार कर. त्याला काहीच न सांगता बोहल्यावर उभं करायचं, ही त्याची फसवणूक नाही का? उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर तेही सायलीवरच शेकेल. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या समर घोष खटल्यात म्हटलंय की जोडीदाराने सबळ कारण नसताना दीर्घकाळ शरीरसंबंध नाकारणं ही मानसिक क्रूरता ठरू शकते.

याचा अर्थ ती जन्मभर एकटीच राहील असा नाही. काही असेक्शुअल माणसं प्रेमात पडतात, संसार करतात, जोडीदाराला आधी सगळं सांगून. काहींना खूप जवळीक झाल्यावरच थोडी ओढ वाटते. काहींना प्रेमप्रकरणही नको असतं. सायली यातली कोण, ते मी सांगणार नाही. आणि आज ठरलेलं उद्या बदललं तरी चालेल. तू तिला विचार, पण एकदाच, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत मध्ये "अगं पण" म्हणू नकोस.

"आमच्यामागे तिचं कोण?" हा तुझा प्रश्न मात्र खरा आहे, मलाही रात्री जाग आली की तोच सतावतो. पण त्याची सोय नवऱ्यापेक्षा कागदांनी जास्त होते. नौपाड्याच्या घराचं मृत्युपत्र करून ठेवा, सोसायटीत आणि बँकेत नॉमिनी म्हणून तिचं नाव लावा, तिचा आरोग्य विमा आत्ताच काढा. तिच्या त्या दोन मैत्रिणी घरी येतात ना, त्यांना जेवायला थांबवून घेत जा. पुढे तिच्या अडीअडचणीला त्याच धावणार आहेत.

मुलुंडला "मुलीचा लग्नाचा विचार नाही" एवढंच कळव. कारण सांगू नकोस, सासूबाईंनाही नको. ते कुणाला, कधी सांगायचं हे सायली ठरवेल. भाऊजींना पत्र वाचायला दे, आणि शनिवारी रात्री त्यांना फोनवर बसव. मी बोलते त्यांच्याशी.

तुझी,
छकुली