किंग यांची अहिंसा सोशिक नव्हती

संपादक महोदय,

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढलेले नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीला समाजमाध्यमांवर जे सुविचार फिरतात, त्यांत त्यांची अहिंसा निव्वळ सोशिकपणा ठरते, हे खटकते. ३० जानेवारी १९५६ रोजी अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात त्यांच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब फुटला, तेव्हा पत्नी व तान्ही मुलगी घरातच होत्या. तरीही बाहेर शस्त्रे घेऊन जमलेल्या संतप्त कृष्णवर्णीयांना त्यांनी त्याच ओसरीवरून शांतपणे घरी परतायला सांगितले. बसमधील वर्णभेदाविरुद्ध तिथे सुरू असलेला बसवरचा बहिष्कार मात्र ढिला पडू दिला नाही; ३८१ दिवस लोक पायी किंवा एकमेकांच्या मोटारींतून कामावर जात राहिले. शत्रूचा द्वेष न करणे आणि अन्यायाशी असहकार करणे, हे त्यांच्या लेखी वेगळे नव्हतेच. १९५९ मध्ये मुंबईत आले असता ते मणिभवनात गांधीजींच्या खोलीत मुक्कामाला होते, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हरकत नसावी.

— एक वाचक, पुणे