नाईक, नायक आणि क्यू-यू-ई

मा. संपादक,

बागायतीच्या वाटणीसाठी आमच्या घराण्याचे तीन कागद मागच्या महिन्यात एका सरकारी खिडकीवर नेले. आजोबांचा पोर्तुगीज काळातला जन्मदाखला. त्यावर आडनाव 'एन, ए, आय, क्यू, यू, ई'. वडिलांचं आधार कार्ड. तिथे शेवटी नुसता 'के'. कारवारात स्थायिक झालेल्या काकांच्या कागदावर मधे 'वाय' घालून 'नायक'. खिडकीपलीकडच्या बाईंनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "ही तीन वेगळी आडनावं. प्रतिज्ञापत्र करून आणा."

वेगळी कुठली? 'नी', म्हणजे नेणे, या संस्कृत धातूपासून नायक. मराठी-कोकणीत त्याचा नाईक झाला, कन्नडात नायक तसाच राहिला, तेलुगूत नायुडू, तमिळात नायक्कर. शिवकाळात पायदळातल्या पाइकांवर नाईक असे आणि नाइकांवर हवालदार. आजच्या लष्करातही पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. हा हुद्दा आडनाव होऊन कितीतरी जातींत गेला. त्यामुळे गोव्यात नुसतं 'नाईक' सांगून भागत नाही, 'खंयचो?', म्हणजे कुठला, हा प्रश्न येतोच.

'क्यू'ची भानगड निव्वळ लिखाणाची. पोर्तुगीज लिखाणात 'के' हे अक्षर परकंच. 'आ', 'ओ'च्या आधी 'सी' आणि 'इ', 'ए'च्या आधी 'क्यू-यू' घालून ते 'क' लिहीत. गोव्यातली केपें आणि साखळी ही गावं रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, आजही तशीच लिहितात. शेवटच्या 'ई' या स्वरापुढे 'एम' लावायची आणखी एक रीत, म्हणून कामतांचे 'कामोतिम' आणि केणींचे 'केनिम'. शेणव्यांचं तर 'सिनाय' झालं. बाहेरच्या माणसाला वाटावं, बायबलमधल्या मोझेसच्या सिनाय डोंगराशी यांचं काही नातं असणार!

नाव-आडनाव बदलायला गोव्यात १९९०चा कायदा आहे. पण आम्हाला बदलायचं काहीच नाही, आहे तेच एक आहे एवढंच सांगायचं आहे. जुनी पोर्तुगीज स्पेलिंगं आणि त्यांची आजची रूपं यांची एक यादी अशा कार्यालयांत लावली, तर १९६१ पूर्वीचा दाखला घेऊन आलेल्या प्रत्येकाला नोटरीकडे पिटाळावं लागणार नाही.

आमचं प्रतिज्ञापत्र एकदाचं झालं. टायपिस्टने त्यात चौथंच स्पेलिंग घातलं होतं. ते पेनाने खोडून बाजूला नोटरीची सही घेतली.

— एक वाचक, डिचोली