अ‍ॅप नको, रजिस्टर द्या म्हणणाऱ्या भाऊंना

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

रावेर-यावल पट्ट्यातल्या तुमच्या केळीच्या पॅकहाउसने (माल धुऊन, निवडून खोक्यांत भरण्याच्या जागेने) आमच्या वाणिज्य आणि संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांचा गट प्रत्यक्ष कामाच्या प्रकल्पासाठी सत्रभर सांभाळला. 'सहकार्याबद्दल धन्यवाद' एवढ्यावर संपणारी पत्रं तुमच्याकडेही आणि आमच्याकडेही फायलीत पुष्कळ आहेत, म्हणून आभार कशाचे ते नेमकं लिहितो. पत्र उघडं ठेवतोय, कारण जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या बऱ्याच कॉलेजांना आता असे प्रकल्प करायचे आहेत.

पहिले आभार तुमच्या नकाराचे. मुलं असा प्रकल्प घेऊन आली की पहिला प्रस्ताव अ‍ॅपचाच असतो. तुम्ही म्हणालात, अ‍ॅप नको. आलेल्या मालातला जो बाद होतो तो शेतात खराब होतो, ट्रॉलीत की आमच्याकडे, एवढं शोधून द्या. एका सत्रात उत्तर निघेल, मोजता येईल आणि उत्तर मिळाल्यावर कोणीतरी काहीतरी बदलेल, असा हा प्रश्न. तो तुम्ही एका पानावर लिहून घेतलात. त्याखाली कोणती रजिस्टरं पाहायला मिळतील, कोणती मिळणार नाहीत, शंका कोणाला विचारायच्या आणि कोणत्या वारी, हेही आलं. सहीशिक्क्याच्या एमओयूपेक्षा (सामंजस्य करारापेक्षा) त्या पानाचा उपयोग जास्त झाला. (एमओयू कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीला लागतो, तो वेगळा.)

मोजणीत तुम्ही दाखवलेला चोखंदळपणा आमच्या कोणत्याही प्रयोगवहीत नाही. ट्रॉलीच्या वरच्या थरातले घड हाताशी येतात म्हणून तेच तपासले जातात, पण दाब खालच्या थरावर असतो. म्हणून उतरवताना दर दहावा घड घ्यायचा, मग तो कसाही असो. शेतातच घडाला नंबरची चिठ्ठी बांधायची आणि तीन ठिकाणी पाहायचं: कापल्यावर, ट्रॉलीतून उतरवल्यावर आणि फण्या धुण्याच्या टाकीतून निघाल्यावर. शेवटी एकदाच पाहिलं तर सगळा दोष पॅकहाउसच्या माथी येतो. शिवाय हिरव्या सालीवर मार लगेच दिसत नाही, केळ पिकू लागलं की काळं पडतं. त्यासाठी नमुन्यातल्या काही फण्या बाजूला पिकत ठेवायला तुम्ही जागा दिलीत. खोकी अडवून ठेवणं पॅकहाउसला परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

दोषांची नावंही तुमच्याच लोकांनी पक्की करून दिली. चिकाचा डाग, घासल्याचा डाग, दाबाचा मार, कमी भरलेलं बोट (फणीतलं एक केळ) आणि थंडीचा चरका. जानेवारीत नमुना घेतला तर चरक्याची केळी हाताळणीच्या खात्यात जमा होतात आणि हमालांवर नाहक ठपका येतो. चिकाचं कारण वेगळं: फणी सोडवल्यावर लगेच पाण्यात गेली नाही तर चीक खालच्या बोटांवर ओघळतो आणि वाळून काळा पडतो. त्यावर इलाज टाकीची जागा आणि हाताचा वेग, टाकीच्या पाण्यात तुरटी वाढवून भागत नाही. पाच रकान्यांचा तक्ता झाल्यावर तुम्ही दोन मुलांना त्याच फण्या वेगवेगळ्या बसून तपासायला लावल्यात. दोघांचे आकडे जुळेनात तिथे व्याख्या ढिली आहे, असा तुमचा हिशेब. संख्याशास्त्राच्या तासाला हे शिकवायला आम्हाला बराच फळा लागतो.

तासांचं गणित इतर संस्थांसाठी मांडतो. अभ्यासक्रमातल्या एका क्रेडिटला (श्रेयांकाला) 30 तास धरले तर चार क्रेडिटचे 120, पाच जणांच्या गटाचे 600. संस्थेला वाटतं, एवढा वेळ या पोरांना सांभाळायचं? तसं नसतं. तयारी, नोंदी तपासणं, आकडेमोड, लिहिणं यात बराच वेळ कॉलेजातच जातो. संस्थेकडून लागतो तो आठवड्याचा ठरलेला अर्धा तास, एकाच माणसाचा. तुम्ही तो गाडी भरायला लागण्याआधीचा दिलात. ठरलेला माणूस नसला की मुलं ज्याला त्याला विचारत फिरतात आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो.

गटात दोघं राबतात आणि तिघं सह्या करतात, हा या पद्धतीचा जुनाच रोग. तुम्ही अहवालावर एकगठ्ठा गुण द्यायला नकार दिलात, प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या नोंदीवर प्रश्न विचारलेत आणि नोंद, मोजणी, हिशेब ही कामं आळीपाळीने फिरवायला लावलीत. आता आमच्या गुणपत्रिकेत वैयक्तिक नोंदवहीचा वेगळा रकाना आहे.

शेतकऱ्यांची नावं न देता संकेतांक देण्याचा आग्रहही तुमचाच. गटातली मुलं आसपासच्या गावांतलीच. कोणाचा माल किती बाद गेला, हे संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचलं असतं आणि पुढच्या हंगामात त्या शेतकऱ्याने ट्रॉली दुसरीकडे वळवली असती.

रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोलीत, एकट्याने जायचं नाही, आत जाण्याआधी दार उघडून हवा खेळू द्यायची, हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. आत 16 ते 18 अंश तापमान, फळं पिकवणारा इथिलीन वायू साधारण 100 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग), आणि पिकणाऱ्या फळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचत जातो. तो साचला तर माणसाला धोका आणि फळंही नीट पिकत नाहीत. कॉलेजने विद्यार्थ्यांचा अपघात विमा आधी काढावा, ही तुमची अट आता आम्ही सगळ्याच संस्थांसाठी ठेवली आहे.

शेवटी तुम्ही स्लाइड पाहिल्या नाहीत, रजिस्टर मागितलंत. पाच रकाने, दोषांची रंगीत चित्रं, म्हणजे वाचता न येणाऱ्या मजुरालाही खूण करता येते. मुलं गेल्यावर कोण भरणार, हे नाव आधी ठरवा, मग छापा, असं तुम्ही सांगितलंत. प्रकल्प संपला की कागद धूळ खातात ते या एका नावाअभावी.

एक विनंती. पुढचा गट ट्रॉलीतल्या थरांवर आणि मध्ये घालायच्या पानांवर काम करू इच्छितो. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) यांची कापणी आमच्या परीक्षांशी जुळत नाही, म्हणून तारखा तुम्ही आधी कळवा. वेळापत्रक आम्ही हलवू. टाकीजवळच्या मावशींनाही आमचे आभार सांगा. फणी कशी धरायची, ते मुलांना त्यांनीच शिकवलं.

आपले,
प्रकल्प समन्वयक शिक्षक