नागपूरच्या स्टोअर्समधलं एक नाव

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी रात्री साडेनऊला मी तुम्हाला फोन केला, तेव्हा तुमच्याकडे पानं वाढली जात असावीत. मागे ताटांचा आवाज येत होता. तरी तुम्ही सव्वा तास फोन ठेवला नाहीत. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले, ते आज सगळ्यांसमक्ष मानतो.

ऑडिटला ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या, म्हणजे कंपनीतल्या सगळ्यांच्या लॉगिन खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीतल्या, प्रत्येक खात्याची माहिती हवी होती: नाव, विभाग, शेवटचं लॉगिन. 90 दिवसांत न वापरलेली खाती सोमवारपर्यंत बंद करायची होती. पॉवरशेलची (विंडोजवर कमांड लिहून कामं करायच्या साधनाची) स्क्रिप्ट मी लिहिली होती, ती चालतही होती. मला तुमच्याकडून फक्त खाती बंद करायची कमांड हवी होती.

ती तुम्ही दिलीच नाहीत. आधी विचारलंत, "नावं किती आली?"

"एक हजार."

"बरोबर एक हजार?"

आमच्याकडे खाती तीन हजारांवर. सर्व्हर एका वेळी 1000 नोंदीच देतो आणि पेज साइज, म्हणजे एका खेपेला किती नोंदी हव्यात, ते सांगितलं नाही तर पुढच्या मागायच्या राहूनच जातात, हे मला ठाऊक नव्हतं. स्क्रीनवर एरर नाही, सूचना नाही. एक ओळ वाढवली आणि पूर्ण यादी आली. मला वाटलं, झालं काम.

मग तुम्ही म्हणालात, "नागपूरच्या अशा एका माणसाचं नाव शोध, ज्याच्याशी तू या आठवड्यात बोललायस." स्टोअर्समधल्या रात्रपाळीच्या काकांशी मी बुधवारीच प्रिंटरवरून बोललो होतो. त्यांचं नाव शोधलं. शेवटचं लॉगिन: 1 जानेवारी 1601.

ती तारीख मी अजून विसरलेलो नाही. विंडोज ही वेळ 1601 सालापासून मोजतं, 100 नॅनोसेकंदांच्या हिशेबात, म्हणून रिकाम्या रकान्याची तारीख तिथे जाऊन पडते. रकाना रिकामा का होता, तेही तुम्ही सावकाश उलगडून सांगितलंत: 'लास्ट लॉगऑन' हा रकाना ज्या डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर, लॉगिन होतं त्याच्यापाशीच राहतो, बाकीच्यांकडे जात नाही. मी विचारत होतो पुण्याच्या सर्व्हरला, काका लॉगिन करत होते नागपूरच्या. माझ्या यादीप्रमाणे नागपूरचं जवळजवळ अख्खं ऑफिस गैरहजर होतं आणि सोमवारी सकाळी मी त्या सगळ्यांची खाती बंद करणार होतो.

'लास्ट लॉगऑन टाइमस्टॅम्प' वापर, असं तुम्ही सुचवलंत. तो सगळ्या कंट्रोलरवर पोचतो, पण दोनेक आठवडे मागे असू शकतो. 90 दिवसांच्या हिशेबाला तेवढं चालतं. जी खाती अगदी काठावर होती, त्यांच्यासाठी प्रत्येक कंट्रोलरला वेगळं विचारून सगळ्यांत अलीकडची तारीख घेतली. हे काम मला माझ्या साध्या खात्यावरून करायला लावलंत, ॲडमिनच्या नाही. नुसती माहिती वाचायला साधं खातं पुरतं आणि हात चुकला तरी काही बिघडत नाही. त्या दिवसापासून माझ्या मशीनवर शोधण्याची स्क्रिप्ट आणि बदल करण्याची स्क्रिप्ट वेगवेगळ्या फोल्डरात असतात. खाती बंद करायची कमांड तुम्ही शेवटी दिलीत ती 'व्हॉट-इफ' लावून, म्हणजे काय होणार ते आधी नुसतं वाचायचं. ती यादी मी शनिवारी छापून, पेन्सिल घेऊन, नाव न् नाव वाचली.

तुम्ही तेव्हा थेट कमांड दिली असतीत, तरी तुम्हाला कुणी दोष दिला नसता. आम्ही वेगळ्या टीमचे, तुमच्यावर आमची जबाबदारी नव्हती. एवढा वेळ देऊन, आवाज न चढवता, मला माझी चूक माझ्याच डोळ्यांनी पाहू दिलीत, हे मी कधीच विसरणार नाही.

स्टोअर्समधल्या काकांचा परवा पुन्हा फोन आला, प्रिंटरचाच. त्या रात्रीचं त्यांना काहीच माहीत नाही.

आपला कृतज्ञ,
पुणे ऑफिसच्या सपोर्टमधला एक जण