पहिल्या तासाला दोन पानं हवीत

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या अपेक्षा आणि नियम विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी लेखी मिळण्याबाबत.

महोदय,

हिवाळी अधिवेशनासाठी तुम्ही नागपुरात येता तेव्हा थंडी पडलेली असते आणि आमच्या प्रथम वर्षाच्या पोरांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून हे पत्र आधीच लिहितो आहे. मी शहरातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवतो. मागणी छोटी आहे, पण ती का करतो आहे ते सांगायला एक प्रॅक्टिकल दाखवावं लागेल.

साध्या लंबकाचं. गोळा, दोरा, स्टॉपवॉच. वीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा, त्यावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे 'जी', काढायचं. उत्तर 980 (सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग) च्या आसपास यावं. काटोलकडून रोज एसटीनं येणारी एक मुलगी वही घेऊन आली. "सर, माझा जी 1080 च्या वर येऊन राहिला. हिचा तर 979 आला." (आमच्याकडे प्रयोगशाळेत 'जी' दोन प्रकारचा असतो, एक गुरुत्वाचा आणि एक 'हो जी'तला.) मी म्हटलं, मोजून दाखव. तिनं गोळा सोडला आणि सोडतानाच म्हणाली, "एक." तिथंच घोळ होता. सोडताना 'शून्य' म्हणायचं असतं. 'एक'पासून सुरुवात केली की वीस म्हणेपर्यंत झोके एकोणीसच झालेले असतात. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळं एवढ्याशा चुकीनं उत्तर शंभरानं फुगतं.

शेजारणीच्या वहीत मात्र सगळे बिंदू आलेखाच्या रेषेवर एका ओळीत उभे होते, परेडला उभे राहावेत तसे. खऱ्या स्टॉपवॉचनं असं कधीच होत नाही. ती रीडिंग मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी जर्नलमधून आली होती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मग पहिलीनं विचारलं, "मार्क कटतील का सर?"

महोदय, या प्रश्नाला माझ्याकडं लेखी उत्तर नव्हतं. माझं मत विचाराल तर 1083 आणणाऱ्या मुलीनं भौतिकशास्त्र केलं होतं आणि 979 आणणारीनं फक्त अक्षर काढलं होतं. पण बाहेरून आलेले परीक्षक उत्तर किती जवळ आलं ते बघतात, असा पोरांचा पक्का समज आहे, आणि तो उगाच झालेला नाही. मी स्वतः विद्यार्थी असताना "जवळ आणून ठेव" हे वाक्य ऐकलं आहे आणि निमूटपणे जवळ आणून ठेवलंही आहे.

बारावीपर्यंत ही पोरं चार पर्यायांतला एक गोल काळा करायला शिकलेली असतात. नीट आणि सीईटीच्या तयारीत आकडेमोडीचा वेग येतो, पण मोजमाप करून त्यातली चूक शोधणं येत नाही. त्यातली बरीच दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. 'त्वरण' समजतं, 'ॲक्सिलरेशन' म्हटलं की वही खाली ठेवतात. उत्तर मराठीत लिहिलं तर चालेल का, हे मला परीक्षेच्या आठवड्यात विचारतात. कॅल्क्युलेटर चालतो का, प्रॅक्टिकल बुडलं तर पुन्हा मिळतं का, अंतर्गत गुण कशाचे, हे सगळं एकमेकांना विचारून ठरतं. 75 टक्के हजेरीचा नियम तर नोटीस बोर्डावर नाव लागलं की कळतो, आणि तोवर एसटी चुकल्याचे दिवस कधीच मोजून झालेले असतात.

2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. त्यात क्रेडिटचं, म्हणजे अभ्यासाचा भार मोजायच्या एककाचं, गणित आहे. एका क्रेडिटला वर्गातले 15 तास, प्रात्यक्षिक असेल तर 30. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा एका क्रेडिटमागं एकूण 30 तासांचं शिकणं धरतो. म्हणजे वर्गात 15 तास बसलेल्या मुलानं तेवढेच तास स्वतः बसावं, अशी सरकारचीच अपेक्षा आहे. पण ती अपेक्षा ज्याच्याकडून आहे त्याला कुणी सांगितलेली नाही. मी पहिल्या तासाला हे फळ्यावर मांडलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "एवढं कुठं असते सर!"

माझी मागणी अशी. प्रथम वर्षाच्या प्रत्येक विषयाला, निदान भौतिकशास्त्रापुरती तरी सुरुवात करून, पहिल्या तासाला दोन पानं सक्तीची करा. मराठीत. गणित कुठपर्यंत यायला हवं, घरी किती वेळ द्यावा लागेल, गुण कशाला, उशिरा दिलेल्या जर्नलचं काय, आजारी पडलो तर काय, शिक्षक वर्गाबाहेर कधी भेटतील. आणि एक ओळ ठळक : खरं रीडिंग चुकलं आणि चूक का आली ते लिहिलं, तर गुण कापले जाणार नाहीत, जुळवलेल्या रीडिंगला गुण नाहीत. ही ओळ परीक्षकांनाही बांधील असली पाहिजे, नाहीतर ती छापून उपयोग नाही. आयआयटीत विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा असा कागद मिळतो. उमरेड-सावनेरच्या पोराला तो जास्त लागतो, कारण त्याच्या घरी विचारायला कुणी बी.एस्सी. झालेलं नसतं.

आता अडचण. हा कागद देणार कोण? माझ्यासारख्यांच्या नेमणुकीचा आदेश वर्ग सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर हातात पडतो. लंबक तोवर कपाटात. मी पोचतो तेव्हा पोरांनी सीनियरकडून नियम शिकून घेतलेले असतात, आणि त्यातला पहिला नियम म्हणजे कुणाचं जर्नल उतरवायचं. त्यामुळं परिपत्रक काढाल तेव्हा नेमणुकांची तारीखही त्यातच घाला, वर्ग सुरू होण्याच्या आधीची. एक आलं आणि दुसरं राहिलं, तर दोन पानं कार्यालयात गठ्ठ्यानं पडून राहतील. तसले गठ्ठे आमच्याकडं आधीच पुष्कळ आहेत.

माझ्या वर्गापुरती दोन पानं मी यंदा स्वतःच लिहिली. झेरॉक्स माझ्या खिशातून झाली, त्याची तक्रार नाही. एक प्रत या पत्रासोबत जोडतो आहे. त्या मुलीनं वाचून एक दुरुस्ती सुचवली, तीही त्यात घेतली आहे : 'मोजणी शून्यापासून सुरू करावी' हे प्रयोगाच्या कृतीतच लिहा म्हणाली.

आपला,
तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापक,
नागपूर