अर्ज करण्याआधीचा फोन

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली जाहिरात वाचली. तळाशी बारीक अक्षरात ओळ आहे, की अर्ज करण्यापूर्वी कामाविषयी अनौपचारिक बोलायचं असल्यास विभागप्रमुखांशी संपर्क साधावा. आणि तू म्हणतेस, ‘उगाच कशाला त्रास द्यायचा, सरळ अर्जच करते.’ अगं, त्रास नको असता तर त्यांनी नंबर छापलाच नसता. चुकीचा माणूस घेतला आणि तो तीन महिन्यांत सोडून गेला, तर सगळा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून. माणसं निवडायच्या खुर्चीवर मी बरीच वर्षं बसले आहे. आधी फोन करून विचारणारा उमेदवार आम्हाला कधीच जड झाला नाही. जड व्हायचे ते काम काय आहे हेच न कळता आलेले अर्ज.

दुसरी तुझी अडचण, ‘ओळख ना पाळख, काय बोलणार?’ मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी लागलेल्यांना विचारलं होतं, की ज्याच्याकडून कळलं त्याला तुम्ही कितीदा भेटायचा? १९७३ साली छापलेल्या त्याच्या लेखात ‘वारंवार’ म्हणणारे सुमारे १७ टक्केच निघाले, बाकीचे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. पाहणी लहान होती, पण मला पटते. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. नवं काही कळतं ते लांबच्या माणसाकडून.

तर आधी दोन ओळींची मेल टाक : मी अमुक, तमुक पदासाठी अर्ज करायचा विचार आहे, पंधरा-वीस मिनिटं बोलता येईल का. मग जाहिरातीचा कागद छापून घे आणि पेन्सिल घेऊन बस. संकेतस्थळावर सापडेल ते विचारायचं नाही, ते आधीच वाचून ठेवायचं. जाहिरातीत जिथे भाषा गुळमुळीत होते तिथे खूण कर. तुझ्या जाहिरातीत ‘विविध विभागांशी समन्वय’ असं आहे. म्हणजे नक्की काय? महिन्यातून एकदा बैठक, की दिवसभर लोकांच्या मागे लागून आकडे गोळा करणं? दोन्हीला समन्वयच म्हणतात. खाली ‘वेळोवेळी सोपवलेली इतर कामे’ आहे. गेल्या वर्षी ही इतर कामं कोणती होती, हे खुशाल विचार. उत्तर देताना समोरचा हसला, तर ते हसणंसुद्धा टिपून ठेव.

ही जागा नवीन आहे की कोणी सोडून गेलं, हेही विचार. आधीच्या माणसाला बढती मिळाली असेल तर ते आनंदाने सांगतील. जागा नवीन असेल तर कामाची चौकट अजून ठरलेली नसणार, ती तुला आखावी लागेल. आणि उत्तर टोलवलं, तर खोदून विचारू नकोस, फक्त लक्षात ठेव.

मला असा एक फोन अजून आठवतो. त्या मुलीने विचारलं होतं, ‘पहिल्या सहा महिन्यांत काय झालं, तर तुम्हाला वाटेल की माणूस बरोबर घेतला?’ जाहिरातीत आम्ही नेतृत्वगुण वगैरे बरंच छापलं होतं. मी मात्र बोलत सुटले ते तुंबलेल्या तक्रारींच्या ढिगाऱ्यावर. तिने तक्रारी किती जुन्या, कोण बघतं, अडतं कुठे, एवढंच विचारलं आणि अर्जात आधीच्या नोकरीत अशीच थकबाकी कशी उपसली ते लिहिलं. बाकीच्यांनी नेतृत्वगुणांवर निबंध लिहिले होते.

‘माझी निवड होईल का?’ हे मात्र विचारायचं नाही. पुष्कळ ठिकाणी सगळ्या उमेदवारांना सारखं वागवायचं बंधन असतं, त्यामुळे ते सांगू शकत नाहीत आणि उगाच अवघडतात. तुझ्याकडे त्या एका सॉफ्टवेअरचा अनुभव नाही ना, मग असं विचार : ‘या अटींपैकी कामावर आल्यावर शिकून चालेल अशी कुठली?’ याचं उत्तर कोणीही देतं. पगाराचा आकडा जाहिरातीत नाही, म्हणून शेवटी पगारश्रेणी सरळ विचार. त्यात लाजण्यासारखं काही नाही. घासाघीस मात्र आत्ता नाही, ती नोकरी देऊ केल्यावर.

स्वतःबद्दल चार वाक्यं तयार ठेव, पाठ नको. आत्ताच्या साहेबांबद्दल एक अक्षर वाकडं बोलू नकोस, त्यांनी विषय काढला तरी. हे बोलणं निवडीत धरत नाहीत असं सांगतात आणि कागदावर ते खरंही असतं, पण नाव डोक्यात राहतंच. वीस मिनिटं मागितली असतील तर विसाव्या मिनिटाला तूच म्हण, ‘तुमचा वेळ संपत आला.’

फोन ठेवल्या ठेवल्या टिपणं काढ आणि त्याच दिवशी आभाराची मेल पाठव. अर्जात ‘साहेबांनी फोनवर असं सांगितलं’ असं लिहायचं नाही, विशेषतः मोकळेपणी सांगितलेलं. जे कळलं त्यावरून स्वतःच्या अनुभवातलं काय पुढे आणायचं ते ठरव, बस्स.

आणि बोलून झाल्यावर वाटलं, की हे काम आपल्याला नकोच, तर अर्ज करू नकोस. बाबा विचारतील ‘का गं?’, त्यांना मी बघते. केलासच तर मसुदा मला पाठव. मी फक्त शुद्धलेखन तपासेन, शब्द तुझेच राहू देत.

तुझी,
आई