दोन दिव्यांचे भांडण

पुणे

प्रिय शरद,

इतक्या महिन्यांनी पत्र आले म्हणजे याचे काहीतरी अडले असणार, हे तू ताडलेच असशील. प्रकृती ठीक, गुडघा आहे तसाच आहे.

एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी इराणी गालिच्यांवरील नक्षीविषयी लिहायचे कबूल करून बसलो, आणि आता संपादकांना ‘चिन्ह व अर्थ’ असा तक्ता हवा आहे: सरूचे झाड म्हणजे चिरंतनत्व, डाळिंब म्हणजे सुफलता, आणि आपली कोयरी म्हणजे तिसरेच काही. यातले विणणाऱ्याच्या मनातले किती आणि विकणाऱ्याच्या तोंडचे किती, हे कोणी निवडून द्यावे? हेराती नक्षी घे. शंकरपाळ्यासारखा चौकोन, मधोमध फूल आणि बाहेर बाक घेतलेली चार पाने. त्या पानांना कोणी मासे म्हणतात, आणि पान की मासा याचा निकाल लागला नाही म्हणून कोणाचा माग थांबलेला नाही. मला खरे दिसते ते गाठींचे गणित. गाठी उभ्याआडव्या ओळींतच बसतात, त्यामुळे गालिच्यातली गोलाई म्हणजे बारीक पायऱ्याच. काशान-इस्फहान या शहरांकडे चौकटींच्या कागदावरून बारीक गाठी मारतात म्हणून तिथली वेल लवचीक, तर भटक्या कश्काई जमातीच्या बायका आडव्या मागावर बहुधा आठवणीने विणतात म्हणून त्यांचे फूल कोनाकोनांचे. तक्त्यात हे कुठे बसवू?

त्यातून अर्दबिलचा तो जुना इराणी गालिचा, म्हणजे आपले जुने भांडण. तो १८९३ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, पण आपल्याला अजून पुरतो आहे. मधल्या पदकाचाच, म्हणजे मधोमधच्या मोठ्या नक्षीचाच, चतुर्थांश चारी कोपऱ्यांत उतरवला आहे, सगळे एकमेकांशी जुळते, आणि पदकाच्या दोन टोकांना लटकणारे दिवे तेवढे लहानमोठे. तू म्हणायचास, लहान दिव्याकडे बसणाऱ्याला दोन्ही सारखे दिसावेत म्हणून. अरे, पण १५३० नंतरच्या दशकातल्या इराणात अशा यथार्थदर्शनाचा, म्हणजे जवळ-दूरच्या हिशेबाने लहानमोठे काढण्याचा, दुसरा दाखला नाही, आणि ते दिवे तर बाजूने पाहिल्यासारखे काढले आहेत. पूर्णत्व एका ईश्वराचे, म्हणून ही मुद्दाम ठेवलेली उणीव, हे तुझ्या सासऱ्यांचे मत ऐकायला गोड. परंतु त्या हिशेबाने कोणतीही चूक खपून जाईल. गालिच्याचे काम पाहणाऱ्या मक्सूद काशानीने त्यात फारसी कवी हाफिजचा शेर घातला, आपले नाव घातले, ९४६ हे हिजरी साल, म्हणजे १५३९-४०, तेही घातले. दिव्यांविषयी मात्र चकार शब्द नाही. आणि संपादक म्हणतात, एका ओळीत अर्थ द्या.

लेकीला नोकरी लागल्याचे कळले, फार आनंद झाला, वहिनींना नमस्कार. तुझी बाजू चार ओळींत, पुढल्या सोमवारच्या आत, लिहून पाठव. तक्ता न देता दोन्ही मते शेजारी शेजारी छापा, असे मी त्यांना सांगणार आहे, आणि तुझे मत तुझ्याइतक्या हट्टाने मला मांडता येणार नाही.

तुझा,
अनंता